केनेडींची शिडी आणि हार्लेममधलं न्हाव्याचं दुकान

(रविवारच्या अभ्यासवर्गात केलेलं भाषण. बोललं तसंच ठेवलंय, फक्त पुनरुक्ती काढलीय.)



अध्यक्षमहाराज, व्यासपीठावरील मान्यवर वगैरे म्हणत नाही. इथं व्यासपीठच नाही. आणि कुणी मान्यवर असतीलच तर त्यांनी जरा आत सरकून बसावं, म्हणजे दारात उभ्या असलेल्या पोरांना जागा होईल.

आजचा विषय अमेरिकेतलं केनेडी घराणं. विषय ऐकून एकदोघांनी नाक मुरडलं. म्हणाले, आपल्याला मार्टिन ल्यूथर किंग सांगा, माल्कम एक्स सांगा, ब्लॅक पँथर सांगा. हे गोऱ्या कोट्यधीशांचं पुराण कशाला? कशाला ते सांगतो. माझ्या ऑफिसात एक साहेब आहेत. जेवणाच्या सुट्टीत डबा खाता खाता मला म्हणाले, "अहो, जात जात काय करत बसता? अमेरिकेत बघा. केनेडीचा पणजोबा उपाशीपोटी बोटीतनं उतरला आणि पणतू राष्ट्राध्यक्ष झाला. माणसानं कष्ट करावेत. तुम्हा लोकांना मागायचीच सवय लागलीय."

मी गप्प बसलो. भ्यालो म्हणून नाही. मला केनेडीचा पणजोबा माहीत नव्हता म्हणून. आपली ही नेहमीची गोची आहे. समोरचा इतिहास फेकून मारतो आणि परत फेकायला आपल्या हातात दगड नसतो. तेव्हाच ठरवलं, हा पणजोबा हुडकून काढायचा. काढला. आज त्याचा आणि त्याच्या पोरानातवंडांचा हिशेब तुमच्यापुढं मांडतो.

पणजोबाचं नाव पॅट्रिक केनेडी. आयर्लंडातल्या वेक्सफर्ड परगण्यातला कुळवाडी. १८४५ साली आयर्लंडात बटाट्यावर रोग पडला. आता पीक काय फक्त बटाट्याचंच होतं का? नाही. धान्य पिकत होतं, लोणी होत होतं, गुरं होती. पण जमीन इंग्रज जमीनदाराची. त्यामुळं धान्य आणि लोणी बोटीत भरून इंग्लंडला, आणि सडका बटाटा कुळाला. माणसं मरत होती आणि बंदरातनं अन्न बाहेर जात होतं. पाचसहा वर्षांत सुमारे दहा लाख माणसं मेली, आणि त्याहून जास्त देश सोडून गेली. त्यातलाच हा पॅट्रिक. १८४० च्या दशकाच्या अखेरीस बोस्टनला उतरला. तिथं लाकडी पिंपं बनवायचं काम करायला लागला. ब्रिजेट नावाच्या आयरिश मुलीशी लग्न केलं. आणि १८५८ साली पटकीनं मेला. वय पस्तिशीचं. मागं बायको आणि चार लहान पोरं. ब्रिजेटनं लोकांच्या घरची कामं केली, पुढं एक छोटं दुकान टाकलं. पोरं जगवली. ही बाई नसती तर पुढचं घराणंच नव्हतं. पण घराण्याच्या पुस्तकांत पानंच्या पानं पुरुषांची आणि ब्रिजेटला चार ओळी. तेही आपल्या ओळखीचंच आहे.

म्हणजे साहेब अर्धं खरं बोलला. आयरिश माणूस तिथं तुच्छ होता. कॅथॉलिक म्हणून तुच्छ, गरीब म्हणून तुच्छ. वर्तमानपत्रांतल्या चित्रांत त्याला माकडाचं तोंड काढायचे. कामाच्या जाहिरातीत लिहायचे, आयरिश माणसानं येऊ नये.

आता उरलेलं अर्धं ऐका. ते साहेबानं सांगितलं नाही.

१७९० साली अमेरिकेनं कायदा केला, की बाहेरून आलेला 'स्वतंत्र गोरा माणूस' नागरिक होऊ शकतो. पॅट्रिक उपाशी होता, फाटका होता, पण गोरा होता. तो बोटीतनं उतरला तेव्हा नागरिकत्वाचा दरवाजा त्याच्यासाठी किलकिला का होईना, उघडा होता. नागरिक झाला की मत. मत आलं की वॉर्डातला पुढारी दारात. आणि त्याच देशात ज्यांच्या सातआठ पिढ्यांनी कापूस वेचला, तंबाखू पिकवला, त्या काळ्या माणसाबद्दल १८५७ साली सुप्रीम कोर्टानं निकाल दिला. ड्रेड स्कॉट नावाच्या गुलामाचा खटला. निकाल असा, की काळा माणूस या देशाचा नागरिक नाही, होऊ शकत नाही, आणि गोऱ्यानं मानलाच पाहिजे असा एकही हक्क त्याला नाही. पॅट्रिक मेला त्याच्या आदल्याच वर्षी हा निकाल लागला. दोघंही गरीब. पण एकाच्या पायाशी शिडी लावलेली, आणि दुसऱ्याला शिडीचं लाकूड वाहायला लावलेलं.

याहून वाईट पुढंच आहे. आयर्लंडचा मोठा पुढारी डॅनियल ओकॉनेल गुलामगिरीचा कट्टर वैरी होता. १८४१ साली आयर्लंडातल्या साठ हजार माणसांनी सह्या करून अमेरिकेतल्या आयरिशांना आवाहन पाठवलं, की काळ्यांना आपलं समजा, गुलामगिरीविरुद्ध उभे राहा. १८४२ च्या जानेवारीत ते बोस्टनमध्येच वाचून दाखवलं गेलं. अमेरिकेतल्या आयरिशांनी ते बाजूला सारलं. का? कारण त्यांना कळून चुकलं होतं, की या देशात वर जायचं तर आधी आपण काळ्यापेक्षा वेगळे आहोत हे दाखवावं लागतं. १८६३ च्या जुलैमध्ये न्यूयॉर्कात सक्तीच्या लष्करभरतीविरुद्ध दंगल पेटली. दंगलखोरांत आयरिश मजुरांचा भरणा मोठा. राग होता श्रीमंतांवर, कारण श्रीमंत तीनशे डॉलर भरून भरतीतनं सुटत होते. पण मारले गेले काळे. झाडांना, खांबांना लटकवले. काळ्या अनाथ पोरांचं वसतिगृह जाळलं. दोनशेहून जास्त पोरं मागच्या वाटेनं पळाली म्हणून वाचली.

खालून दुसऱ्या पायरीवरचा माणूस वरच्याला कधी लाथ मारत नाही. खालच्याला मारतो. हे मी तुम्हाला नव्यानं सांगायला नको. गावकुसाबाहेर जन्मलेल्या माणसाला ही गोष्ट आईच्या दुधाबरोबर कळते.

आता दुसरी पिढी. पॅट्रिकचा मुलगा, त्याचंही नाव पॅट्रिक. सगळे पी. जे. म्हणायचे. गोदीत काम केलं, पैसे साठवले, आईनं मदत केली, दारूचा गुत्ता घेतला. मग दुसरा घेतला. बोस्टनच्या आयरिश वस्तीत गुत्ता म्हणजे नुसता गुत्ता नाही. तिथं नोकरीची चिठ्ठी मिळते, मयताला पैसे मिळतात, पोलीस ठाण्यातनं पोरगा सोडवून मिळतो. बदल्यात मत द्यायचं. पी. जे. राज्याच्या विधिमंडळात गेला. त्याच काळात दुसरा एक आयरिश, जॉन फिट्झजेराल्ड, १९०६ साली बोस्टनचा महापौर झाला. बोस्टनचे जुने गोरे उमराव नाकाला रुमाल लावत राहिले आणि पोलीस, बंब, नगरपालिका हळूहळू आयरिशांच्या हातात गेली. चांगलं झालं. का होऊ नये? पण त्या नगरपालिकेच्या दारात काळा माणूस उभा राहिला तेव्हा आतला आयरिश कारकून काय म्हणाला असेल, याची कल्पना करा. फार ताण द्यायला लागणार नाही.

१९१४ साली पी. जे. चा मुलगा जोसेफ आणि महापौराची मुलगी रोझ यांचं लग्न झालं. गुत्ता आणि महापौराची खुर्ची एकत्र आली. आपल्याकडं साखर कारखाना आणि जिल्हा बँक एकत्र येतात तसं.

जोसेफ ही तिसरी पिढी. हार्वर्डला शिकला, पंचविसाव्या वर्षी बँकेचा अध्यक्ष झाला. शेअरबाजारात आतल्या बातम्यांवर पैसा केला. तेव्हा ते कायद्यात बसत होतं. सिनेमात पैसा केला. दारूबंदी उठली तशी परदेशी दारूची एजन्सी घेतली. १९३४ साली शेअरबाजारावर लक्ष ठेवायला सरकारनं आयोग नेमला, त्याचा पहिला अध्यक्ष कोण? हाच. ज्याला सगळ्या चोरवाटा ठाऊक त्यालाच पहारेकरी केला. १९३८ साली इंग्लंडात अमेरिकेचा राजदूत झाला. ज्या इंग्रजानं आजोबाला उपाशी देशोधडीला लावलं, त्याच्या राजाला जाऊन भेटला. पण हिटलरशी जुळवून घ्यावं असं म्हणत राहिला, आणि इंग्लंडातली लोकशाही संपली असं बोलून बसला. १९४० साली परत यावं लागलं. स्वतः राष्ट्राध्यक्ष व्हायची वाट बंद झाली. मग पोरांना घोड्यावर बसवलं.

नऊ पोरं. त्यातली थोरली मुलगी रोझमेरी. बुद्धीनं थोडी मागं होती. तेविसाव्या वर्षी, १९४१ साली, बापानं तिच्या मेंदूची शस्त्रक्रिया करवली. पोरगी चालायची, बोलायची, नाचायची, ती सगळी गेली. तिला दूर विस्कॉन्सिनमधल्या एका संस्थेत ठेवलं. वर्षानुवर्षं तिचं नाव कुणी घेत नव्हतं. ती २००५ साली वारली. घराणं उभं करताना पायात काय काय पुरलं जातं, ते बघा. राजवाड्याच्या पायात माणूस पुरतात ही नुसती लोककथा नाही.

थोरला मुलगा जो १९४४ साली युद्धात विमानासकट गेला. मग दुसऱ्याचा नंबर लागला. जॉन. चौथी पिढी, साहेबाचा लाडका पणतू. १९४६ ला काँग्रेसवर निवडून आला, १९५२ ला सिनेटवर. देखणा, हुशार, बोलायला तरबेज. आणि काळ्यांच्या प्रश्नावर? थंड. १९५७ साली नागरी हक्काचं बिल आलं तेव्हा दक्षिणेतल्या गोऱ्यांनी मागितलेली ज्युरीची दुरुस्ती त्यानं मान्य केली. दक्षिणेत ज्युरी म्हणजे बारा गोरे. बारा गोरे बारा गोऱ्यांच्या भावाला कधी दोषी ठरवणार?

१९६० ची निवडणूक आली. ऑक्टोबरात अटलांटात बहिष्काराच्या सत्याग्रहात किंगना अटक झाली. बाकीच्यांना सोडलं आणि किंगना वाहतुकीच्या एका जुन्या क्षुल्लक गुन्ह्यावर चार महिने सक्तमजुरी. रात्रीत बेड्या घालून दूरच्या तुरुंगात नेलं. किंगबाई पोटुशी होत्या. जॉन केनेडीनं त्यांना फोन केला, दोनचार मिनिटं बोलला. धाकटा भाऊ रॉबर्ट यानं न्यायाधीशाला फोन केला. किंग सुटले. लगेच त्या फोनची लाखो पत्रकं काळ्यांच्या चर्चमध्ये वाटली गेली. साडेसहा कोटींहून जास्त मतदानात केनेडी सव्वा लाखाहून कमी मतांनी जिंकला. काळ्यांची मतं नसती तर तो घरी बसला असता.

मित्रांनो, एक फोन. काळ्यांनी एका फोनला मत दिलं. हसू नका. शतकभर तुमच्या घरातल्या बाईला कुणी 'बाई, कशा आहात' असं विचारलं नसेल, तर एका फोनची किंमत काय होते हे हसणाऱ्याला कळायचं नाही. पण फोनच्या बदल्यात मिळालं काय?

निवडणुकीत तो म्हणाला होता, सरकारी मदतीच्या घरांतला वर्णभेद लेखणीच्या एका फटकाऱ्यानं संपवता येईल. निवडून आला. एक वर्ष गेलं, लेखणी उचलेना. लोकांनी त्याला टपालानं लेखण्या पाठवायला सुरुवात केली. ढिगानं लेखण्या! शेवटी १९६२ च्या नोव्हेंबरात, निवडणुका उरकल्यावर, सही केली. मिसिसिपीत त्यानं फेडरल न्यायाधीश नेमला हॅरॉल्ड कॉक्स. या माणसानं पुढं भर कोर्टात मत नोंदवायला आलेल्या काळ्यांना चिंपांझींच्या रांगेत बसवलं. १९६१ च्या मे महिन्यात काळी गोरी पोरं एकत्र बसमध्ये बसून दक्षिणेत निघाली. अलाबामात त्यांची बस जाळली, डोकी फोडली. रॉबर्ट तेव्हा अ‍ॅटर्नी जनरल. तो म्हणाला, जरा थंड घ्या, काही दिवस थांबा. त्यावर जेम्स फार्मर या पुढाऱ्याचं उत्तर होतं, की आम्ही साडेतीनशे वर्षं थंडच होतोय, अजून थंड झालो तर बर्फ होऊ. आणि रॉबर्टनं मिसिसिपीवाल्यांशी काय तडजोड केली? जमावानं मारायचं नाही, बदल्यात पोलिसांनी पोरांना पकडून तुरुंगात घालायचं. झाली शांतता!

याच दिवसांत रॉबर्ट रेडिओवर म्हणाला, आणखी तीसचाळीस वर्षांत निग्रोसुद्धा राष्ट्राध्यक्ष होऊ शकेल. गोऱ्या उदारमतवाद्यांनी टाळ्या दिल्या. त्याला उत्तर दिलं जेम्स बाल्डविन या काळ्या लेखकानं, १९६५ साली, इंग्लंडात केंब्रिजच्या वादसभेत. बाल्डविन हार्लेमचा. बाबासाहेब १९१३ ते १९१६ ज्या कोलंबिया विद्यापीठात शिकले ते याच हार्लेमला लागून. बाल्डविनचं म्हणणं असं होतं, की हे वाक्य हार्लेममधल्या न्हाव्याच्या दुकानात बसून ऐका. तिथं बसलेल्याला ते कसं ऐकू येतं? आम्ही इथं चारशे वर्षं आहोत. बॉबी केनेडी कालपरवा आला आणि निघालासुद्धा राष्ट्राध्यक्ष व्हायला. आणि तो आम्हाला सांगतो, नीट वागलात तर चाळीस वर्षांनी बघू.

हा तो दगड. माझ्या साहेबाला परत फेकायचा.

बाल्डविन आणि रॉबर्ट यांची समोरासमोर गाठही पडली होती. २४ मे १९६३, न्यूयॉर्कात केनेडींच्या फ्लॅटमध्ये. लेखिका लोरेन हॅन्सबेरी होती, गायक हॅरी बेलाफॉन्टे होता, मानसशास्त्रज्ञ केनेथ क्लार्क होता. आणि जेरोम स्मिथ नावाचा एक पोरगा. तो बसमधल्या पोरांपैकी, अनेकदा मार खाल्लेला. त्याला विचारलं, देशासाठी बंदूक उचलशील? तो म्हणाला, कधीच नाही. रॉबर्टला धक्का बसला. तो आपलं घराणं सांगायला लागला, की आम्हा आयरिशांनाही हेच सोसावं लागलं आणि आता माझा भाऊ राष्ट्राध्यक्ष आहे. म्हणजे बघा, साहेबाचा मुद्दा खुद्द केनेडीच मांडत होता. बाल्डविननं तिथंच सांगितलं, तुमचं घराणं तीन पिढ्यांचं, माझं त्याच्या कितीतरी आधीपासून इथं आहे. हॅन्सबेरी उठून चालू लागली, पाठोपाठ बाकीचे. रॉबर्ट चिडला. पण ते डोक्यातनं गेलं नाही. तीन आठवड्यांच्या आत, ११ जून १९६३ ला, जॉन केनेडी टीव्हीवर उभा राहिला आणि पहिल्यांदा म्हणाला, की हा नैतिक प्रश्न आहे, नवा कायदा आणतो.

आता नीट ऐका. हे हृदयपरिवर्तन नव्हतं. मे महिन्यात बर्मिंगहॅममध्ये हजारो शाळकरी पोरं रस्त्यावर आली होती. त्यांच्यावर पोलिसांची कुत्री सोडली, बंबाचे फवारे मारले. ती चित्रं जगभर गेली. भाषण केनेडीचं, पण शाई त्या पोरांची. आणि भाषणानंतर काही तासांतच मिसिसिपीत मेडगर एव्हर्सला त्याच्या घराच्या दारात पाठीत गोळी घातली. भाषण वरच्याचं, मढं खालच्याचं. ऑगस्टमध्ये वॉशिंग्टनला मोर्चा निघाला. आधी केनेडीला तो नकोच होता. नंतर त्यानं त्याला आपलं म्हटलं. जॉन लुईस हा तेवीस वर्षांचा पोरगा जहाल भाषण करणार होता, त्याच्या भाषणाची धार ऐनवेळी बोथट करायला लावली. माल्कम एक्स म्हणूनच त्या मोर्चाला फार्स म्हणत होता. आणि ऑक्टोबरात, एकीकडं किंगची पाठ थोपटत असताना, रॉबर्ट केनेडीनं किंगच्या टेलिफोनवर चोरून कान ठेवायला एफबीआयला मंजुरी दिली. १९६० चा फोन आठवा. त्याच फोनची वायर तीन वर्षांत उलटी फिरली.

२२ नोव्हेंबर १९६३ ला जॉनला डल्लासमध्ये गोळी लागली. पणजोबा पॅट्रिकही २२ नोव्हेंबरलाच मेला होता. कायदा १९६४ साली झाला, मताचा कायदा १९६५ साली. जॉन्सनच्या सहीनं आणि काळ्यांच्या रक्तानं. पण काळ्यांच्या कितीतरी घरांत भिंतीवर येशू, किंग आणि केनेडी असे तीन फोटो लागले. मी त्या घरांना हसत नाही. ज्याला कधी काही मिळालं नाही तो देणाऱ्याचा फोटो लावतोच. पण दिलं कुणी? फोटोत बर्मिंगहॅमची पोरं पाहिजे होती.

रॉबर्टबद्दल मात्र एक प्रामाणिक गोष्ट सांगितली पाहिजे, नाहीतर आपणही साहेबासारखे अर्धंच बोलू. भाऊ मेल्यावर हा माणूस बदलला. १९६७ साली मिसिसिपीच्या झोपड्यांत गेला, पोट फुगलेल्या पोराजवळ जमिनीवर बसला. १९६८ च्या मार्चमध्ये शेतमजुरांचा पुढारी सीझर चावेझ यानं उपास सोडला तेव्हा त्याच्याशेजारी बसला. ४ एप्रिलला किंगचा खून झाला, त्या रात्री इंडियानापोलिसच्या काळ्या वस्तीत ट्रकवर उभा राहून त्यानंच लोकांना ती बातमी सांगितली. जूनमध्ये लॉस एंजेल्सच्या हॉटेलात त्यालाही गोळी घातली. तो खाली पडला तेव्हा त्याचं डोकं धरून बसला होता मेक्सिकोतनं आलेला सतरा वर्षांचा पोरगा, त्याच हॉटेलात उष्ट्या ताटल्या उचलणारा. श्रीमंताचा पोरगा बदलू शकतो. पण त्याला बदलायला जेरोम स्मिथनं तोंडावर 'नाही' म्हणावं लागलं. हात जोडून कुणी बदलत नाही.

आणि उपाशी पोराचं काय झालं? रॉबर्टनं पोर पाहिलं. १९६६ साली ओकलंडमध्ये उभ्या राहिलेल्या ब्लॅक पँथरनं १९६९ साली पोरांना रोज सकाळी फुकट न्याहारी द्यायला सुरुवात केली. सरकारनं पाहणाऱ्याचे पुतळे उभारले आणि खाऊ घालणाऱ्या फ्रेड हॅम्प्टनला डिसेंबर १९६९ मध्ये शिकागोत पहाटे अंथरुणातच मारलं. वय एकवीस. आपल्याकडच्या पोरांनी १९७२ साली नाव कुणाचं घेतलं? केनेडीचं नाही. पँथरचं. ते बरोबरच होतं.

सगळ्यात धाकटा एडवर्ड. सगळे टेड म्हणायचे. भाऊ राष्ट्राध्यक्ष झाला तेव्हा त्याची सिनेटची जागा रिकामी झाली. सिनेटरला तीस वर्षं पुरी लागतात आणि टेड अठ्ठावीसचा. मग काय केलं? जॉनच्या कॉलेजातल्या खोलीसोबत्याला दोन वर्षं जागेवर बसवलं. रेल्वेत रुमाल टाकून जागा धरतात ना, तसं. १९६२ साली टेड तीस वर्षांचा झाला आणि रुमाल उचलला. मरेपर्यंत, २००९ पर्यंत, तिथं होता. १९६९ साली चॅपाक्विडिक बेटावर त्याची मोटार पाण्यात पडली. बरोबरची अठ्ठावीस वर्षांची मेरी जो कोपेक्नी बुडून मेली आणि हा दहा तास पोलिसांकडं गेला नाही. शिक्षा दोन महिने, तीही स्थगित. तिच्या जागी केनेडी आणि केनेडीच्या जागी काळा ड्रायव्हर घालून बघा. शिक्षा किती झाली असती?

पण याच टेडनं मताच्या कायद्याची मुदत वाढवायला झुंज दिली, दक्षिण आफ्रिकेवर निर्बंध घालायला झुंज दिली. आणि १९७४ साली बोस्टनमध्ये जे झालं ते लक्षात ठेवा. कोर्टानं हुकूम दिला, की काळी गोरी पोरं बसनं एकमेकांच्या शाळांत पाठवा. आयरिश वस्ती पेटली. ९ सप्टेंबरला टेड समजूत घालायला गेला. त्याच्याच लोकांनी त्याला अंडी मारली, टोमॅटो मारले, पळवून लावला. तो ज्या इमारतीत शिरला तिची काच फोडली. इमारतीचं नाव जॉन एफ. केनेडी बिल्डिंग. तीन दिवसांनी काळ्या पोरांच्या बसवर दगड पडले. सव्वाशे वर्षांपूर्वी ज्यांच्या आज्या बोस्टनमध्ये लोकांची भांडी घासत होत्या, त्यांचे हे दगड. ओकॉनेलच्या साठ हजार सह्या याच शहरात वाया गेल्या होत्या. शिडीवरच्या माणसाला खाली बघायला लावणं किती अवघड आहे, ते त्या फुटक्या काचेत दिसतं.

पुढची पिढी झपाझप सांगतो. कुणी खासदार झाला, कुणी उपराज्यपाल. २०२० साली रॉबर्टचा नातू जो मॅसॅच्युसेट्समध्ये सिनेटच्या पक्षांतर्गत निवडणुकीत हरला. त्या राज्यात केनेडी हरला, हे पहिल्यांदाच घडलं. आणि रॉबर्टचाच मुलगा, बापाचंच नाव लावणारा रॉबर्ट ज्युनियर? २०२४ साली तो ट्रम्पच्या मांडवात गेला आणि २०२५ च्या फेब्रुवारीत आरोग्यमंत्री झाला. त्याआधी काय करत होता? लशीविरुद्ध प्रचार. २०२१ साली त्याच्या संस्थेनं खास काळ्यांसाठी एक फिल्म काढली. टस्कीगीत १९३२ ते १९७२ अशी चाळीस वर्षं सरकारी डॉक्टरांनी शेकडो काळ्या माणसांना गुप्तरोगाचं औषध दिलं नाही. ती खरी जखम. त्या खऱ्या जखमेवर बोट ठेवून हा माणूस काळ्यांना सांगत होता, लस घेऊ नका. टस्कीगीचा गुन्हा काय होता? औषध दिलं नाही हा. आणि हा त्याच गुन्ह्याचं नाव घेऊन पुन्हा औषध घेऊ नका म्हणतो! बापानं उपाशी पोराजवळ बसून जे कमावलं, ते पोरानं नावासकट विकायला काढलं. म्हणून सांगतो, रक्तातनं नाक येतं, आडनाव येतं. विचार येत नाही. आपल्याकडंही पुढाऱ्याचा पोरगा दिसला की हार घेऊन धावणाऱ्यांनी हे वहीत लिहून ठेवावं.

आता शेवटचं, आणि हे माझ्या साहेबासाठी. १९६५ साली अमेरिकेत आणखी एक कायदा झाला. त्याआधी बाहेरच्यांना घेताना गोऱ्या देशांना मोठा कोटा होता आणि आपल्याला चिमूटभर. तो कोटा या कायद्यानं रद्द केला. सिनेटमध्ये तो पुढं नेला टेड केनेडीनं. पण हवा तयार केली होती काळ्यांच्या लढ्यानं. वर्णावरनं माणूस निवडायचा नाही, हे सगळ्या देशाला त्यांनी मार खाऊन शिकवलं होतं. त्या दारातनं आपल्याकडचे डॉक्टर गेले, इंजिनियर गेले. बहुतेक कुठल्या जातींचे, ते सांगायला नको. जाताना काहींनी जातही पेटीत घालून नेली, इतकी की २०२३ साली सिअ‍ॅटल शहराला जातिभेदाविरुद्ध कायदा करावा लागला.

साहेबाचा मुलगा न्यूजर्सीत आहे. गेल्या सोमवारी जेवणाच्या सुट्टीत मी साहेबाला विचारलं, "साहेब, तुमचा मुलगा अमेरिकेत कुणाच्या जिवावर गेला?" साहेब म्हणाले, "स्वतःच्या मेरिटवर!" मी म्हटलं, "मेरिट १९६४ सालीही होतं. दार नव्हतं. दार उघडलं बर्मिंगहॅमच्या रस्त्यावर कुत्र्यांनी फाडलेल्या पोरांनी. तुमच्या घरात त्यांचा फोटो आहे का?"

साहेबानं डबा बंद केला. यावेळी गप्प बसायची पाळी त्यांची होती.

तुम्ही मात्र गप्प बसू नका. प्रश्न विचारा. जयभीम.